अंडी किती, हे नंतर. आधी कुणाला, ते बघू

तुमचा प्रश्न लांबलचक होता, म्हणून आधी मला तो कसा कळला ते सांगते. नवरा ४६ वर्षांचा, वजन ७८ किलो, तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल २२८ आणि एलडीएल, म्हणजे ज्याला ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतात ते, १४८. जिममधल्या ट्रेनरने रोज आठ अंड्यांचं फक्त पांढरं खायला सांगितलंय आणि पिवळं फेकून द्यायला. मुलगी ११ वर्षांची, हिमोग्लोबिन १०.२, शेजारणीने सांगितलं की रोज दोन गावरान अंडी द्या, रक्त वाढेल. सासूबाई ७१ वर्षांच्या, माळकरी, मधुमेहाची गोळी बारा वर्षं चालू, हल्ली थकवा आणि तळपायांना मुंग्या. कुणीतरी सुचवलं की औषध म्हणून अंडं द्या, आणि तुम्ही विचारताय की त्यांना न सांगता केकमधून दिलं तर चालेल का. स्वतःबद्दल एकच ओळ: ‘मी काय, उरलंसुरलं खाते.’ आणि मग मूळ प्रश्न: अंडी रोज खावीत का, किती, पिवळं ठेवावं का, आणि उन्हाळ्यात ती उष्ण पडतात का.

मी एकोणीस वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय. पहिली आठ वर्षं मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात गेली, आता स्वतःचं छोटं क्लिनिक आहे. अंड्याचा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो. तुमच्या प्रश्नातली खरी अडचण मला अशी दिसते की एका घरातल्या तीन माणसांची तीन वेगळी दुखणी एकाच अंड्याच्या गळ्यात बांधली गेलीत. एवढं अंड्याच्या अंगात नाही. जे आहे ते मात्र थोडं नाही. सासूबाईंबद्दल मी शेवटी लिहिलंय, पण घाई असेल तर तेच आधी वाचा.

आपल्या बाजारात मिळतं ते साधं पांढरं अंडं मी मध्ये एकदा क्लिनिकमधल्या वजनकाट्यावर फोडून मोजलं होतं, समोरच्या बाईंचा विश्वास बसत नव्हता म्हणून. अख्खं ५४ ग्रॅम. टरफल ६, पांढरं ३२, पिवळं १६. एवढ्याशा पिवळ्यात काय असणार, असं त्या म्हणाल्या. तर हिशेब असा: पूर्ण अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं. त्यातली साडेतीन पांढऱ्यात, अडीच पिवळ्यात. म्हणजे पिवळं फेकणारा माणूस प्रथिनांचाही चाळीस टक्के वाटा फेकतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. चरबी चार-पाच ग्रॅम, ती जवळपास सगळी पिवळ्यात. अ, ड आणि ई जीवनसत्त्व, बी-१२, फोलेट, डोळ्यांच्या पडद्याला उपयोगी पडणारी ल्युटिन-झियाझँथिन ही पिवळी रंगद्रव्यं, आणि मेंदूला व यकृताला लागणारं कोलीन, हे सगळं पिवळ्यात. कोलीन आपल्या बाकीच्या जेवणात फार ठिकाणी एवढं मिळत नाही. पांढऱ्यात पाणी, उत्तम प्रथिनं, बी-२ आणि थोडी खनिजं. अख्ख्या अंड्याच्या कॅलरी सत्तरच्या आसपास.

प्रथिनं ‘उत्तम’ का म्हणायची, तर शरीराला बाहेरून घ्यावी लागणारी सगळी अमिनो आम्लं त्यात आहेत, आणि शिजवलेल्या अंड्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त प्रथिनं पचून अंगी लागतात. आपल्या भाकरी-पोळी-भातात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी पडतं. डाळ ते भरून काढते, अंडंही काढतं. म्हणून ज्वारीची भाकरी आणि अंड्याची भाजी ही जोडी नुसती चवीला नाही, हिशेबालाही चोख आहे.

अंड्यात काय नाही तेही ऐका. क जीवनसत्त्व अजिबात नाही. चोथा नाही. कॅल्शियम आहे ते टरफलात, आत नगण्य. लोह आहे, पण त्याची गोष्ट मुलीच्या वेळी सांगते. म्हणून मला ‘पूर्णान्न’ हा शब्द अंड्यासाठी आवडत नाही. सोबत भाजी नसेल तर ताट अर्धंच आहे.

आता तुमचे मिस्टर. पिवळ्याची भीती कुठून आली हे आधी सांगते. एका पिवळ्यात सुमारे १८० ते २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं. १९६८ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आणि आठवड्याला तीनच पिवळी खा म्हणून सांगितलं. दोन पिवळ्यांत ही मर्यादा ओलांडली जाते, त्यामुळे अंडं आरोपीच्या पिंजऱ्यात गेलं ते पुढे चार-साडेचार दशकं तिथेच राहिलं. पुढे लक्षात येत गेलं की रक्तातलं कोलेस्टेरॉल बरंचसं आपलं यकृतच बनवतं, आणि खाण्यातून जास्त आलं की बहुतेकांचं यकृत आपलं उत्पादन थोडं आवरतं घेतं. एलडीएलवर खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीचा, म्हणजे लोणी, तूप, डालडा, पामतेल, मलई यांचा, परिणाम जास्त होतो. २०१५ च्या अमेरिकी आहार-मार्गदर्शिकेतून ३०० ची मर्यादा काढून टाकली गेली. २०१९ मध्ये त्याच हार्ट असोसिएशनच्या सल्लापत्रात निरोगी माणसाने रोज एक अख्खं अंडं खायला हरकत नाही असं आलं.

याचा अर्थ ‘कितीही खा’ असा काढू नका. ‘बहुतेकांचं यकृत’ म्हटलं, सगळ्यांचं नाही. काही जणांचं एलडीएल पिवळ्याने खरंच वर जातं, आणि ते कुणाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. मधुमेह असलेल्यांबद्दलचे अभ्यास तर एकमेकांशी पटत नाहीत. काहींत धोका दिसतो, काहींत नाही. त्यामुळे ज्याला मधुमेह आहे, अँजिओप्लास्टी झालीय, किंवा ज्याच्या घराण्यात चाळिशी-पन्नाशीतच हृदयविकार आलेत, त्याला मी आठवड्याला तीन-चार पिवळ्यांवर थांबवते आणि बाकी पांढरं देते. हा माझा सावधपणा आहे. दुसरा तज्ज्ञ थोडं वेगळं सांगेल आणि तोही चूक नसेल.

तुमच्या मिस्टरांना यातलं काही असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. तसं असेल तर पुढचा सल्ला बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना विचारा. नसेल, तर मी त्यांना रोज एक अख्खं अंडं आणि वर दोन पांढरी देईन. झाली १३ ग्रॅम प्रथिनं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम धरलं तर ७८ किलोला रोज ६५ ग्रॅम लागतात. व्यायाम करतात म्हणून ७५-८० धरू. उरलेली डाळ, दूध, दही, मटकी, शेंगदाणे, पोळी-भाकरी यांतून सहज येतात. आठ पांढऱ्यांची गरज नाही. आठ पिवळी फेकणं म्हणजे रोज वीस ग्रॅम प्रथिनं कचऱ्याच्या डब्यात, आणि अंडं सात रुपयांना धरलं तर छप्पन रुपयांच्या अंड्यांतला सर्वांत मोलाचा भाग वाया.

पण खरी मेख इथे नाहीच. माझ्याकडे एक गृहस्थ यायचे, बँकेत नोकरी, एलडीएल तुमच्या मिस्टरांइतकंच. सकाळी सहा अंड्यांचं पांढरं, निष्ठेने, दीड वर्ष. बायको पिवळी स्टीलच्या वाटीत जमवून खालच्या मांजरीला घालायची. दीड वर्षात मांजर गुटगुटीत झालं, एलडीएल जागचं हललं नाही. मी त्यांना तीन दिवस खाल्लेलं सगळं लिहून आणायला सांगितलं, त्यात एक रविवार हवाच, ही माझी अट असते. वहीत सापडलं ते असं: दुपारी चार वाजता ऑफिसात चहाबरोबर तीन खारी. रोज. खारी म्हणजे मैद्याच्या पापुद्र्यांत बसवलेला डालडा. रविवारी बटर लावलेली पावभाजी, बटर नंतर वरूनही. जेवताना भातावर तूप, ते मात्र ‘घरचं आहे’ म्हणून मोजायचं नाही. एका पिवळ्यातली संपृक्त चरबी दीड ग्रॅमच्या आसपास. एक मोठा चमचा बटर म्हणजे सात ग्रॅम. त्यांनी बिचारं पिवळं हद्दपार केलं होतं आणि चार पट गुन्हेगार रोज घरी जेवायला बोलावला होता.

खारी बंद केली, तिच्या जागी फुटाणे. बटर पंधरवड्यातून एकदा. एक अख्खं अंडं परत आणलं. चार महिन्यांनी एलडीएल वीस-बावीसने उतरलं. त्याच काळात ते रोज संध्याकाळी चालायलाही लागले होते, त्यामुळे श्रेय नेमकं कुणाला ते मी छातीठोक सांगणार नाही. पण पिवळं खाऊन ते वाढलं नाही, एवढं नक्की.

तुम्हीही हेच करा. आधी तीन दिवसांची वही. मग तीन महिने एक अख्खं अंडं, बाकी सुधारणांसकट, आणि पुन्हा लिपिड प्रोफाइल. त्यांचं यकृत कुठल्या जातीचं आहे ते रिपोर्टच सांगेल. औषध लागतंय का, हा डॉक्टरांचा निर्णय. १४८ ला कुणाला गोळी लागते, कुणाला नाही, ते वय, रक्तदाब, साखर, सिगारेट, घराणं असं सगळं बघून ठरतं.

अंडं शिजवायचं कसं, यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण नुकसान तिथेच होतं. मी रुग्णांना विचारते, आम्लेटला तेल किती घालता? उत्तर ठरलेलं: ‘थोडंसंच.’ मग म्हणते, घरी गेल्यावर नेहमीसारखं तव्यावर ओता, पण ओतण्याआधी वाटीत घेऊन चमच्याने मोजा. बहुतेक घरांत ती एक पळी निघते, पंधरा ग्रॅम. म्हणजे जवळजवळ १३५ कॅलरी, दोन अंड्यांच्या बरोबरीच्या. थोडक्यात, दोन अंड्यांचं आम्लेट खाताना तुम्ही चार अंड्यांच्या कॅलरी खाता, आणि सोबत दोन पाव आलेच. गाडीवरच्या भुर्जीत तर तेलावर बटर. गोव्यात रॉस आम्लेट खाल्लं असेल तर माहीत असेल, वरून शाकुतीचा खोबऱ्याचा रस्सा ओतलेला असतो. मी सुट्टीत गेले की आवडीने खाते, पण रोजच्या नाश्त्याचा तो पदार्थ नाही.

घरी साधा लोखंडी तवा नीट तापवून, चमचाभर तेल पसरून, कांदा-टोमॅटो-मिरची-कोथिंबीर भरपूर घालून केलेलं आम्लेट भाकरीबरोबर द्या. किंवा उकडा. उकडताना पाण्याला उकळी आल्यावर दहा मिनिटं पुरे. वीस मिनिटं उकडत ठेवलं की पिवळ्याभोवती हिरवट-करडी कडा येते. ते विष नसतं, पांढऱ्यातलं गंधक आणि पिवळ्यातलं लोह एकत्र येऊन तो रंग होतो. चव मात्र जाते, आणि मुलं तेवढ्यावरून अंडं टाकतात. कच्चं अंडं दुधात फेटून पिण्याची तालमीतली पद्धत अजून आहे. कच्च्या अंड्यातली निम्मीच प्रथिनं पचतात, पांढऱ्यातलं ॲव्हिडिन बायोटिन नावाचं जीवनसत्त्व धरून ठेवतं, आणि साल्मोनेला जंतूंचा धोका वेगळाच. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर हाफ फ्रायचं वाहतं पिवळंही नको.

मुलीकडे येऊ. अकरा वर्षांच्या मुलीचं हिमोग्लोबिन किमान साडेअकरा हवं. १०.२ म्हणजे ॲनिमिया आहे, ‘थोडं कमी’ नाही. आणि इथे तुमच्या शेजारणीचं चुकतंय. एका अंड्यात लोह असतं जेमतेम एक मिलिग्रॅम. या वयाच्या मुलीची रोजची गरज २५ मिलिग्रॅमच्या पुढे आहे. त्यातही पिवळ्यात फॉस्विटिन नावाचं प्रथिन असतं, ते लोहाला घट्ट धरून बसतं आणि आतड्यात सुटू देत नाही. दोन काय, चार अंडी दिली तरी रक्त त्याने भरून येणार नाही. अंडं गावरान असलं तरी हेच.

तिला बालरोगतज्ज्ञांकडे न्या. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, आणि बी-१२ बघतील, जंताची गोळी झालीय का विचारतील, पाळी सुरू झाली असेल तर रक्तस्राव किती ते विचारतील, आणि लोहाची गोळी देतील. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती घेते की खिडकीतून टाकते, हेही एकदा प्रेमाने विचारा. माझ्या स्वतःच्या लेकीने वर्षभर टाकली होती, घरात आहारतज्ज्ञ असून. लोहाची गोळी चहा-दुधासोबत देऊ नका. जेवणात लिंबू पिळा, पेरू-आवळा-मोसंबी द्या, हळीव, मेथी, चवळी-मटकी असू द्या, आणि मटण-कलेजी चालत असेल तर आठवड्यातून एकदा.

मग अंडं कशासाठी? तर तुम्ही लिहिलंय की ती सकाळी चहा-बिस्किटं खाऊन शाळेत जाते. तिथे. सहा बिस्किटांच्या जागी एक उकडलेलं अंडं आणि अर्धी पोळी, एवढा एकच बदल करा. प्रथिनं, अ जीवनसत्त्व, कोलीन हे तिच्या वाढीच्या वयात हवंच आहे, आणि अकरा वाजता पोटात कावळे ओरडणार नाहीत. अंड्याची किंमत ठरवताना मी नेहमी हेच बघते की ते ताटात कशाच्या जागी आलं. बिस्किटाच्या जागी आलं तर सोनं. मटकीच्या उसळीच्या जागी आलं तर फार काही कमावलं नाही. मिस्टरांच्या वाट्याची जी दोन पिवळी उरतील त्यांतलं एक तिच्या अंड्यात फेटून आम्लेट करा, एक तुमच्यात. मांजरीला नको.

याच ओघात एक गाऱ्हाणं. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं वगैरे. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबला आणि लोकवर्गणीतून द्या म्हणून सांगण्यात आलं. ज्यांच्या घरी सकाळी बिस्किटंही नसतात त्या मुलांसाठी ते आठवड्याचं एक अंडं किती मोठं होतं, हे वॉर्डात काम केलेल्या कुणालाही विचारा. असो.

तुम्ही. ‘उरलंसुरलं खाते’ हे वाक्य मी रोज ऐकते, म्हणून त्यावर थांबतेच. डबे भरून झाल्यावर दहा वाजता चहात बुडवून शिळी पोळी, बरोबर ना? घरात अंडी उकडणार ती तुम्हीच, तर भांड्यात एक जास्त टाका आणि ते उभ्याने नाही, बसून खा. चाळिशीच्या पुढे बायकांचे स्नायू हळूहळू उतरायला लागतात आणि तक्रार ‘गुडघे दुखतात’ म्हणून येते.

बाकीचे प्रश्न भराभर. ‘गावरान की बॉयलरचं’: आधी शब्द दुरुस्त करू, ब्रॉयलर कोंबड्या मांसासाठी, अंड्यांच्या त्या लेयर. टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीवर, पिवळ्याचा रंग तिच्या खाण्यावर. मका किंवा झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क खाद्यात घातला की पोल्ट्रीतही केशरी पिवळं मिळतं. मोकळी फिरून किडे-पाला खाणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात काही जीवनसत्त्वं थोडी जास्त असू शकतात, चव तर माझ्या मते निश्चित चांगली, पण प्रथिनं तेवढीच. बाजारात गावरान म्हणून दुप्पट-तिप्पट भावाने घेतलेलं अंडं खरंच गावरान आहे का, हे कळायला मार्ग नाही. गावाकडून येत असतील तर खा. नसतील तर त्या पैशांत मुलीला फळं आणा. कडकनाथचं अंडं काळं असतं म्हणून मोबाइलवर फोटो फिरतात. कोंबडी काळी असते, अंडं फिकट बदामी.

उष्णतेचं म्हणाल तर अंड्याने अंगाचं तापमान वाढत नाही. पण मे महिन्यात विदर्भात ४५ अंशांत दोन अंड्यांची झणझणीत करी खाऊन ‘उष्ण पडलं’ म्हणणाऱ्याला मी खोटं पाडायला जात नाही. तिथे अंड्यापेक्षा मसाला, तेल आणि कमी पडलेलं पाणी बोलत असतं. उन्हाळ्यात सकाळच्या नाश्त्याला उकडून द्या, सोबत ताक. तरीही एखाद्याला अंगावर पित्त उठत असेल, ओठ सुजत असतील, तर ती उष्णता नाही, ॲलर्जी असू शकते. तिथे अंडं बंद आणि डॉक्टर.

ताजेपणासाठी आजीची पाण्याची परीक्षा अजूनही उत्तम. पातेल्यात अंडं आडवं तळाशी बसलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं पण लगेच शिजवून खाण्याजोगं, तरंगलं तर टाका. अंडं जुनं होतं तसं आतलं पाणी उडतं आणि बोथट टोकाची हवेची पोकळी मोठी होते, म्हणून ते होतं. आणून लगेच धुऊन ठेवू नका, टरफलावरचा संरक्षक थर जातो. वापरायच्या वेळी धुवा. फ्रिजच्या दारात ठेवण्यापेक्षा आतल्या कप्प्यात, दाराशी सारखी ऊब-गारवा होतो.

‘संडे हो या मंडे’ आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. ती नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटीची जाहिरात. १९८२ मध्ये कोंबडीपालकांनी उभी केलेली ही संघटना आपल्या पुण्याशी जोडलेली आहे. तिचा मला रागच नाही, शेतकऱ्याला भाव मिळायला तिने खूप केलं, पण जाहिरात म्हणजे आहारसल्ला नव्हे. शिवाय मराठी घरात ‘रोज’ हा शब्दच खोटा असतो. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, त्यात चतुर्थी-एकादशी, आणि श्रावण अख्खा. ‘रोज एक’ लिहून दिलेला माणूस आठवड्याला चारच खातो. म्हणून मी वार विचारूनच लिहून देते आणि न खाण्याच्या दिवसाची सोयही तिथेच लिहिते: एका अंड्याइतकी प्रथिनं म्हणजे पेलाभर, २०० मिली दूध, किंवा ३० ग्रॅम डाळीचं वाटीभर घट्ट वरण, किंवा २५ ग्रॅम, लहान मूठभर शेंगदाणे. वरण घट्ट म्हटलंय. ज्यात वाटीचा तळ दिसतो ते वरण या हिशेबात धरू नका. रविवारी मात्र अनुशेष भरून काढायला चार अंड्यांचं आम्लेट करू नका.

आता सासूबाई. केकमधून, पावडरमधून, बिस्किटातून, कशातूनही न सांगता अंडं देऊ नका. मी हे आहारतज्ज्ञ म्हणून सांगतेय. वॉर्डात असताना एका मुलाने आईच्या सूपमध्ये असंच पांढरं मिसळलं होतं. तिला कळलं. त्यानंतर तिने रुग्णालयातलंच काय, घरचंही सुनेच्या हातचं खाणं सोडलं, आणि तीन आठवड्यांत चार किलो उतरली. माळ घातलेल्या बाईचा ताटावरचा विश्वास गेला की तुमच्या हातात काहीच उरत नाही. आणि त्यांच्यासाठी अंड्याची गरजही नाही: सकाळी दूध, दोन्ही वेळा घट्ट वरण किंवा पिठलं, दुपारी दही, भाजीत शेंगदाण्याचं कूट, संध्याकाळी मऊ मुगाचं धिरडं, चालत असेल तर थोडं पनीर. दात कमी असतील तरी हे सगळं खाता येतं. मूत्रपिंडाचा काही त्रास निघाला असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पण मला काळजी वाटते ती त्यांच्या पायांच्या मुंग्यांची. बारा वर्षं चालू असलेली मधुमेहाची गोळी बहुधा मेटफॉर्मिन असेल, पाकीट बघा. ती गोळी चांगली आहे, पण वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ चं शोषण कमी करते. त्यात आयुष्यभराचा शाकाहार आणि सत्तरीचं पोट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत पाहिलं, तर तिथल्या बहुसंख्य गर्भवतींच्या रक्तातही बी-१२ कमी होतं. मग या वयात, या गोळीवर ते कमी असण्याची शक्यता किती, तुम्हीच बघा. मुंग्या मधुमेहामुळेही असू शकतात, बी-१२ कमी पडल्यामुळेही, दोन्हींमुळेही. मधुमेहाच्याच समजून सोडून दिल्या आणि कारण बी-१२ असलं, तर नसांचं नुकसान पुढे भरून येत नाही.

आणि हे अंड्याने सुटणारं नाही. एका अंड्यात अर्धा मायक्रोग्रॅम बी-१२, गरज २.२ ची, त्यातून अंड्यातलं हे जीवनसत्त्व अंगी लागतं दहा टक्क्यांहूनही कमी. लपवून दिलेल्या केकने त्यांची माळ बाटेल आणि मुंग्या तशाच राहतील. गोळी किंवा इंजेक्शन लागेल, आणि गोळीचं आवरण शाकाहारी असलेलं मागता येतं, तेवढं त्यांच्यासमोरच दुकानदाराला विचारा. मेटफॉर्मिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

तेव्हा उद्या सकाळी अंडी उकडायला ठेवण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना फोन करा आणि बी-१२ ची तपासणी याच आठवड्यात करून घ्या. रिपोर्ट आला की आकडा इथेच लिहा, सोबत मिस्टरांची तीन दिवसांची वही. रविवारासकट.